कोल्हापुरातील घरगुती ऑनलाइन दागिने विक्रेत्यांचे निवेदन

प्रति,
मा. केंद्रीय अर्थमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली
(मा. जिल्हाधिकारी, कोल्हापूर यांच्यामार्फत)

विषय : कमी किंमत दाखवून आयात होणारे नकली दागिने आणि छोट्या ऑनलाइन विक्रेत्यांवरील जीएसटी नोंदणीची सक्ती यांबाबत.

महोदया,

आम्ही खाली सह्या करणारे कोल्हापूर शहर, हुपरी, इचलकरंजी आणि गडहिंग्लज भागात घरून दागिने तयार करून ऑनलाइन विकतो. साज, ठुशी, नथ, बुगडी, चिंचपेटी असे एक ग्रॅम आणि बेन्टेक्सचे काम आहे. आमच्यात बहुतेक महिला आहेत. मणी ओवणे, पाने जुळवणे, पॅकिंग हे सगळे घरातच होते, मुलामा तेवढा बाहेरच्या कारागिराकडून करून घेतो.

गेल्या काही काळात ऑनलाइन प्लॅटफॉर्मवर आमच्या मालाशेजारी तसाच दिसणारा परदेशी माल निम्म्याहून कमी भावात लागतो. आमच्यापैकी काहींनी तो मागवून पाहिला. परंपरेने कोल्हापुरी साजात एकवीस पाने असतात, दशावतार आणि अष्टमंगल त्यात येतात, मासा वेगळा आणि कासव वेगळे घडवलेले असते. आलेल्या साजात सगळी पाने एकाच साच्यातली होती. पाकिटावर विक्रेत्याचा पत्ता भारतातला, आयातदाराचे नाव नाही, मूळ देशाच्या जागी नुसती रेघ. जाहिरातीतला फोटो मात्र आमच्यातल्याच एकीने स्वतःच्या घरी काढलेला होता!

माल स्वस्त आहे म्हणून आमची तक्रार नाही. यंत्रावर हजारोंनी निघणारी वस्तू हातकामापेक्षा स्वस्त पडणारच, आणि गिऱ्हाईकाने काय घ्यावे हे आम्ही ठरवणार नाही. तक्रार आहे ती सीमाशुल्काच्या कागदावर लिहिल्या जाणाऱ्या किमतीबद्दल. किंमत कमी दाखवली की सीमाशुल्क कमी लागते, आणि आयातीवरचा जीएसटी त्याच किमतीवर मोजला जात असल्याने तोही कमी होतो. एका खोट्या आकड्यावर दोन कर वाचतात.

हे आम्ही नव्याने सांगतो आहोत असे नाही. २०२२ च्या अर्थसंकल्पात आपणच कमी किमतीच्या नकली दागिन्यांची आयात रोखण्यासाठी किलोला किमान ४०० रुपये शुल्क लावले. २०२३ मध्ये ते २५ टक्के किंवा किलोला ६०० रुपये, यांपैकी जे जास्त असेल ते, असे केले. हा उपाय योग्यच होता आणि त्याबद्दल आम्ही आभारी आहोत. पण दागिना वजनाला हलका असतो. ६०० रुपयांच्या दराने चाळीस ग्रॅमच्या साजावर चोवीस रुपये पडतात, पाच ग्रॅमच्या कानातल्यावर फक्त तीन रुपये. म्हणून किलोच्या जोडीला नगावर किंवा जोडीवर किमान शुल्क ठरवावे, आणि ठरावीक किमतीखाली घोषित झालेल्या मालाचे मूल्य बंदरावर व कुरिअर टर्मिनलवर तपासले जावे, अशी आमची पहिली मागणी आहे. सुटे मणी, खडे आणि तारा यात ओढू नयेत. तो कच्चा माल आम्हीही बाहेरचाच वापरतो, हे लपवण्यात अर्थ नाही.

पळवाट बुजवता येते, हा अनुभव सरकारच्या गाठी आहे. पूर्वी ५,००० रुपयांपर्यंतच्या भेटवस्तूंना शुल्क माफ होते, आणि परदेशी ॲपवरून विकत घेतलेला माल ‘गिफ्ट’ म्हणून घरपोच येत असे. डिसेंबर २०१९ मध्ये ती वाट बंद झाली. जीवरक्षक औषधे आणि राखी एवढ्यांनाच सूट राहिली, राखीसोबतच्या भेटवस्तूंनाही नाही. इतका बारकाईने विचार तेव्हा झाला होता. आज तोच माल भारतातल्या नावाने, भारतातल्या गोदामातून विकला जातो. तेव्हा आयात माल विकणाऱ्याने प्लॅटफॉर्मवर बिल ऑफ एंट्रीचा क्रमांक भरल्याशिवाय त्याची विक्री सुरू होऊ नये. मूळ देश दाखवण्याचे बंधन २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत आहेच. तो खोटा किंवा कोरा ठेवल्यास विक्रेत्याबरोबर प्लॅटफॉर्मलाही दंड व्हावा.

आता आमच्यावरच्या कराविषयी. दुकानात बसून राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. ऑनलाइन विकणाऱ्याला पहिल्या रुपयापासून लागत होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून राज्यांतर्गत विक्रीला सूट मिळाली, पण राज्याची हद्द ओलांडली की सक्ती कायम आहे. गडहिंग्लजहून बेळगाव हाकेच्या अंतरावर आहे. तिथल्या मराठी घरात नथ पाठवायची तर नोंदणी हवी, दरमहा किंवा तिमाही विवरणपत्रे हवीत, त्यासाठी कर सल्लागाराची फी हवी. तीच नथ शेकडो किलोमीटरवरच्या मुंबईला बिनानोंदणी जाते. सेवा देणाऱ्यांना मात्र २०१७ पासूनच २० लाखांपर्यंत परराज्यातही नोंदणीतून सूट आहे. कोल्हापुरातून बेंगळुरूच्या गिऱ्हाइकाची वेबसाइट बनवणारा मोकळा आणि ठुशी पाठवणारी अडकलेली, यामागचे कारण आम्हाला आजवर कुणी सांगू शकलेले नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेने अनेक राज्यांत विकणाऱ्या छोट्या ऑनलाइन विक्रेत्यांसाठी सोप्या नोंदणीची कल्पना तत्त्वतः मान्य केली. पण आमची अडचण मुळात नोंदणीच्या सक्तीचीच आहे. म्हणून २० लाखांपर्यंतच्या विक्रेत्यांना परराज्यातील ऑनलाइन विक्रीसाठी सेवांसारखीच पूर्ण सूट द्यावी. प्लॅटफॉर्मकडे प्रत्येक व्यवहाराची नोंद असते, त्यामुळे मर्यादा ओलांडणारा लपून राहणार नाही. नोंदणीकृत विक्रेत्यांचा अर्धा टक्का टीसीएस कापला जातो, तो छोट्यांच्या बाबतीत लवकर परत मिळावा. रक्कम लहान असते, पण पुढच्या मालाचे मणी त्यातूनच येतात.

आपण जीएसटी परिषदेच्या अध्यक्ष आहात आणि सीमाशुल्क खातेही आपल्याच मंत्रालयाकडे आहे, म्हणून हे सारे एकाच निवेदनात मांडले आहे. परिषदेच्या येत्या बैठकीत परराज्यातील विक्रीचा विषय घ्यावा आणि आयात मूल्याच्या तपासणीबाबत काय कार्यवाही झाली ते जिल्हाधिकारी कार्यालयामार्फत आम्हाला लेखी कळवावे, ही विनंती.

आपले विश्वासू,
कोल्हापूर जिल्ह्यातील घरगुती ऑनलाइन दागिने विक्रेते
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे)

प्रत माहितीसाठी व योग्य कार्यवाहीसाठी :
मा. अध्यक्ष, केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळ, नवी दिल्ली
मा. खासदार, कोल्हापूर व हातकणंगले