जोडाक्षरे गेली, राक्षसही गेला

नुकत्याच वाचू लागलेल्या मुलासाठी पुस्तक निवडताना आपल्याला पहिली धास्ती वाटते ती जोडाक्षरांची. त्या धास्तीपोटीच 'जोडाक्षरविरहित' गोष्टींची पुस्तके निघाली. हेतू स्तुत्य खरा. परंतु जोडाक्षरांबरोबर 'राक्षस' गेला, 'अदृश्य' होणारा राजपुत्र गेला आणि मागे उरली ती वेळेवर दात घासणारी शहाणी मुले. त्यांचे पुढे काय झाले, हे जाणून घेण्याची उत्सुकता कोणाला असणार?

१९५२ साली मराठीत आलेल्या 'चांदोबा'ने ही धास्ती बाळगली नाही. विक्रम, स्मशान, प्रेत, शब्दाशब्दात जोडाक्षर! पण चित्रकार शंकर यांनी रेखाटलेला, खांद्यावर प्रेत घेतलेला राजा एकदा पाहिला की मूल अडखळत का होईना, वेताळ झाडावर परतेपर्यंत वाचतच जाई.

जादूच्या गोष्टींनी अंधश्रद्धा बळावते, हा आक्षेप मात्र हसण्यावारी नेता येणार नाही. जादूटोण्याविरुद्ध महाराष्ट्राला २०१३ साली कायदा करावा लागला. तथापि कथेतला मांत्रिक बहुधा शेवटी हरतो, आणि त्याला हरविणाऱ्या पोराच्या हाती अनेकदा युक्तीवाचून दुसरे शस्त्र नसते. भोंदूगिरीची भूल पडते ती मोठ्यांना. त्यांनी अशा गोष्टी फार वाचल्या म्हणून नव्हे.

'चांदोबा' आता निघत नाही. निदान दुसरी-तिसरीच्या वर्गांत राक्षस-पऱ्यांची दहा-वीस पुस्तके कपाटाच्या कुलपाबाहेर ठेवावीत. ती फाटली तर फाटू द्यावीत.