अर्धे तिकीट, पूर्ण हक्क

१९०१ साली मसूर स्थानकावर उतरलेल्या लहानग्या भीमरावांना व त्यांच्यासोबतच्या मुलांना, जात कळताच, एकही बैलगाडीवाला नेण्यास तयार होईना. अखेर दुप्पट भाड्यावर गाडी मिळाली. तीही मुलांनीच हाकावी आणि गाडीवानाने बाजूने चालावे, या अटीवर. पुढे १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली. लेकरांकडून दुप्पट भाडे घेणारा समाज आज त्यांना अर्धे तिकीट देतो. हे अंतर कुणाच्या मेहेरबानीने नव्हे, संघर्षाने कापले गेले आहे.

आज एसटीत पाच वर्षांखालील बालकास तिकीट नाही. पाच ते बारा वर्षांपर्यंत अर्धे. शाळेच्या मासिक पासासाठी विद्यार्थ्यास एक तृतीयांशच भाडे पडते. चौंडीच्या कन्या अहिल्याबाई होळकर यांच्या नावाच्या योजनेत ग्रामीण भागातील पाचवी ते बारावीच्या मुलींना हा पास मोफत आहे. १७ मार्च २०२३ पासून महिलांना सरसकट निम्मे तिकीट आहे. गावाहून येणारा विद्यार्थ्याचा जेवणाचा डबासुद्धा विनामूल्य येतो.

परंतु वसतिगृहातील मुलास मासिक पासाचा उपयोग नाही. तो घरी जातो दिवाळीत आणि उन्हाळ्यात. मोठ्या सुट्टीत मूळ गावी जाण्या-येण्यासाठी विद्यार्थ्यास निम्म्या भाड्याची सवलत आहे. बारा वर्षे ओलांडलेल्या मुलास तिचाच आधार. आमच्या अनुभवात फार थोड्या पालकांना ती ठाऊक असते.

त्यातही पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडील ऊसतोड कामगारांच्या मुलांचा प्रश्न निराळा. हंगाम सुरू झाला की आईबाप दूर कारखान्याच्या हद्दीत, उसाच्या फडात असतात आणि मूळ गावी घराला कुलूप असते. त्या मुलाने सुट्टीत कोठे जावे? आई जेथे चूल मांडते, तेच त्याचे गाव. म्हणून ही सवलत आईवडील कामावर असतील त्या ठिकाणापर्यंत मिळावी, अशी आमची मागणी आहे.

एसटी तोट्यात असताना आणखी सवलती कशाला, असे कुणी म्हणेल. सवलतींची रक्कम शासनाने महामंडळास भरून द्यायची असते. तो शिक्षणावरचाच खर्च मानला पाहिजे. वाटखर्चाअभावी सुट्टीत वसतिगृहातच राहिलेले मूल आम्ही पाहिले आहे. माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या गावातील एका तरी पालकास या सवलती समजावून सांगाव्यात आणि या मागणीच्या निवेदनावर आपली सही करावी.