मनगटावरची पाच मिनिटे

अतिदक्षता विभागात धाप लागलेला रुग्ण आला की धमनीतील रक्ताची तपासणी, म्हणजे आपल्या रोजच्या बोलण्यातली 'एबीजी', सांगितली जाते. ऑक्सिजन किती, कार्बन डायऑक्साइड किती, रक्तातील आम्लता वाढली आहे काय, हे तिच्यावरून कळते. अनेक रुग्णालयांत ही सुई परिचारिकाच टोचतात. लेखी अधिकार मात्र कित्येक ठिकाणी कोणी दिलेला नसतो. नमुना नीट आला तर काम रुग्णालयाचे, हात सुजला तर दोष सिस्टरचा!

हे काम कसे करावे याविषयी आज भक्कम पुरावा आहे. धमनीत टोचताना शिरेपेक्षा अधिक दुखते. आधी लिग्नोकेनने जागा बधिर केली तर दुखणे कमी होते. ब्रिटिश थोरॅसिक सोसायटीने 2017 च्या ऑक्सिजनविषयक मार्गदर्शिकेत तातडीचा प्रसंग वगळता हे करावेच, असे म्हटले आहे. आपल्याकडे 'एकदाच तर टोचायचे' म्हणून ते सोडले जाते आणि एकदाचे तीनदा होते. सिरिंजमध्ये पातळ हेपॅरिन जास्त राहिले, हवेचा बुडबुडा राहिला किंवा नमुना अर्ध्या तासाहून अधिक काळ पडून राहिला, तर आकडे चुकतात. उपचार त्या चुकीच्या आकड्यांवर होतात.

सुई काढल्यावर निदान पाच मिनिटे जागा दाबून धरायची, रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर त्याहून अधिक. ही पाच मिनिटे आणायची कोठून? भारतीय परिचर्या परिषदेचा निकष अतिदक्षता विभागात एका रुग्णामागे एक परिचारिका असा आहे. जिथे चार रुग्ण एकीवर सोपवलेले असतात तिथे ती कापूस ठेवून चिकटपट्टी लावते आणि पुढच्या खाटेकडे धावते. याला निष्काळजीपणा म्हणणाऱ्या व्यवस्थापनाने आधी हजेरीपत्रक उघडावे.

आमचीही एक चूक कबूल केली पाहिजे. पगार, पाळी, बढती यांवर आपण निवेदने दिली. काम कसे व्हावे हा प्रश्न डॉक्टरांचा म्हणून सोडून दिला. येत्या मागणीपत्रात लेखी कार्यपद्धती, कामाच्या वेळेत प्रशिक्षण, कोरड्या हेपॅरिनच्या सिरिंज, सुरक्षित सुया आणि हिपॅटायटिस बी ची लस या मागण्या आल्याच पाहिजेत.

त्याआधी प्रत्येक शाखेने महिनाभर, रुग्णाचे नाव न लिहिता, एक वही ठेवावी : किती वेळा टोचले, जागा बधिर केली काय, किती मिनिटे दाबली, आणि त्या पाळीत एकीकडे किती रुग्ण होते. ती वही घेऊनच आपण वाटाघाटीला बसू.