खिशातला लोलक

आज २८ फेब्रुवारी, राष्ट्रीय विज्ञान दिन. शाळाशाळांत सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या तसबिरीला हार पडेल, १९२८ चा शोध आणि १९३० चे नोबेल यांची उजळणी होईल. एखादा चुणचुणीत विद्यार्थी पाठ केलेले भाषण घडाघडा म्हणून टाळ्या घेईल. गंमत अशी, की रामन यांची त्या शोधाकडे जाणारी वाट सुरू झाली ती पाठ उत्तरापाशी अडखळल्यामुळेच.

१९२१ मध्ये इंग्लंडच्या प्रवासात भूमध्य समुद्राच्या गडद निळाईने त्यांना खिळवून ठेवले. समुद्र निळा का, याचे उत्तर तयार होते: त्यात आकाश दिसते म्हणून. तेही लॉर्ड रॅले यांच्यासारख्या दिग्गजाचे. परतीच्या बोटीवर रामन यांनी खिशातला निकोल लोलक काढला, ठरावीक कोनातून पाण्याकडे पाहत तो फिरवला आणि पृष्ठभागावरचे परावर्तन पुसून टाकले. आकाशाचे प्रतिबिंब गेले, निळाई मात्र राहिली. पाण्याचे रेणूच प्रकाश विखुरत होते. ‘नेचर’ला धाडलेल्या त्यांच्या टिपणावर ठिकाण आहे मुंबई बंदर, तारीख २६ सप्टेंबर. बोटीवरून उतरून, सामान लावून मग सवडीने लिहू, हा विचार त्यांना शिवला नाही.

याला प्रतिभेची वीज म्हणण्याचा मोह होतो. पण वीज कुठेही पडते. लोलक खिशात ठेवावा लागतो. ही सवय जुनी होती. १९०७ पासून दहा वर्षे रामन सरकारी हिशेब खात्यात नोकरीला होते. कलकत्त्यात कचेरीच्या आधी आणि कचेरी सुटल्यावर त्यांचे पाय बहुबाजारातल्या प्रयोगशाळेकडे वळत. रंगून, नागपूर अशा बदल्या झाल्या, तरी संशोधन सुटले नाही. ‘नोकरीतून वेळच मिळत नाही’ म्हणणाऱ्यांनी हा हिशेबही तपासावा.

आज आपल्या खिशात फोन आहे आणि त्यात प्रत्येक प्रश्नाचे तयार उत्तर. ते जरूर वाचावे. पण दिवसातून एखादे तरी स्वतः पडताळावे. भाषणे आटोपल्यावर गुरुजींनी वर्गात अंधार करावा, काचेच्या पेल्यातल्या पाण्यात दुधाचे दोन-चार थेंब टाकावेत आणि एका बाजूने विजेरी धरावी. कडेने पाहिले तर पाणी निळसर दिसते, समोरून पाहिले तर उजेड पिवळसर-तांबूस. ‘असे का?’ असे कुणी विचारले, तर उत्तर सांगायची घाई करू नये. पेला त्याच्या हाती द्यावा.