पेटी चार्ज होत नाही, दोष कोठे?

छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीत डोंगरातल्या झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून आणून चाकावर सोडले जात असे. ते चाक थांबले तर जात्याची तळी फोडून पाहण्यात शहाणपण नव्हते. आधी पाणी येते की नाही हे पाहायचे आणि येत नसेल तर नहरीच्या वाटेने मागे मागे जायचे, ही त्या व्यवस्थेची साधी रीत. आज त्याच जिल्ह्यात एका नव्या वस्तूच्या बाबतीत ह्या रीतीचा पूर्ण विसर पडलेला दिसतो.

ती वस्तू म्हणजे पोर्टेबल पॉवर स्टेशन. हाताने उचलून नेता येणारी ही वीजपेटी. तिच्या पोटात लिथियमचे सेल असतात, ते भरणारा चार्जर असतो, सेलमधील वीज घरगुती 230 व्होल्टच्या विजेत बदलणारा इन्व्हर्टर असतो आणि ह्या सर्वांवर पहारा ठेवणारे एक नियंत्रक सर्किट असते. छावणीच्या गुरुवारच्या बाजारात दिवा लावून बसणाऱ्या विक्रेत्याला, कन्नड-सोयगावकडच्या वाडीवर आरोग्य शिबिर घेणाऱ्यांना, सभेचा ध्वनिक्षेपक चालवणाऱ्या कार्यकर्त्याला तिचा मोठा उपयोग आहे. 500 वॉट-अवरच्या पेटीवर दहा वॉटचा दिवा हिशेबाने पन्नास तास चालावा. प्रत्यक्षात इन्व्हर्टर स्वतःच काही वीज खातो, म्हणून कमी चालतो. कष्टकऱ्याच्या दृष्टीने ही वस्तू स्वस्त नाही. म्हणूनच ती एके दिवशी चार्ज होईनाशी झाली म्हणजे घरात सुतक पडल्यासारखे होते. पेटी उचलून पैठण गेटच्या दुकानात नेली जाते. कंपनीकडे पाठवावी लागेल असे दुकानदार सांगतो. आणि पुष्कळदा ती कंपनीकडे जाण्याऐवजी माळ्यावर जाते.

ह्या प्रकरणातला पहिला अन्याय पेटीवरच होतो. कारण कित्येकदा ती निर्दोष असते. चार्ज होण्यास ती नकार देते, कारण तिला मिळणारी वीज नियमाप्रमाणे नसते.

पूर्वी गावात विजेचा दाब पडला की पिवळा बल्ब लाल होई. निरक्षर म्हातारीलाही कळे की लाइट कमी आहे. आजचा एलईडी दिवा दाब बराच खाली आला तरी तेवढाच उजेड देतो. मोबाइलचा चार्जर तर 100 पासून 240 व्होल्टपर्यंत कोठेही काम करतो. घरात दिवा लख्ख आहे, फोन भरतो आहे, फक्त पेटी भरत नाही, तेव्हा बिघाड पेटीतच असला पाहिजे असा निष्कर्ष निघतो, आणि तो चुकतो. अनेक पेट्यांचे चार्जर 220 ते 240 व्होल्टसाठी केलेले असतात. आत येणाऱ्या विजेची मर्यादा पेटीच्या तळाशी छापलेली असते आणि ती सहसा कोणी वाचत नाही. दाब त्या मर्यादेखाली गेला की नियंत्रक चार्जर बंद करतो. भार सुटल्यामुळे दाब किंचित वर येतो, चार्जर पुन्हा सुरू होतो, पुन्हा दाब पडतो. मिनिटामिनिटाला टक् टक् असा आवाज करीत चालू-बंद होणारी पेटी नादुरुस्त असेलच असे नाही. सर्व्हिस वायर, खांबावरचा सैल जोड किंवा डीपीवरचा भार ह्यांच्याविषयी ती साक्ष देत असते.

म्हणून तपासाचा क्रम नहरीचाच ठेवावा. प्रथम प्लगमध्ये मल्टिमीटर धरून दाब पाहावा. पेटी जोडलेली असताना एकदा आणि काढून घेतल्यावर एकदा. ह्या दोन आकड्यांत मोठी तफावत आढळली तर वायरिंग किंवा जोड कच्चा आहे. मग वायर दुसरी लावून पाहावी. पेटीच्या मागे चार्जिंगच्या प्लगजवळ पुष्कळदा एक छोटे बटण असते. जादा प्रवाह आला की ते उडते आणि बोटाने दाबले की पुन्हा बसते. एवढ्यावरून पेट्या भंगारात जाण्याची वेळ येऊ नये. मांडववाल्याच्या जनरेटरवर किंवा जुन्या स्वस्त इन्व्हर्टरवर पेटी भरत नसेल, तर त्या विजेची लहर किंवा वारंवारता तिला मानवत नाही असे समजावे आणि महावितरणच्या प्लगवर खात्री करून घ्यावी.

उन्हावर भरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. सौर पॅनेलच्या पाठीवर खुल्या मंडलाचा दाब लिहिलेला असतो. पेटीची मर्यादा 28 व्होल्टची आणि शेतीपंपाच्या संचातले पॅनेल पंचेचाळीसच्या घरातले, अशी सोयरीक जमवली तर पेटी खरोखरच जळेल. उलट बाजूने, पॅनेलच्या कोपऱ्यावर लिंबाच्या फांदीची सावली पडली तरी उत्पादन सावलीच्या प्रमाणाबाहेर घटते.

त्यानंतर उन्हाळा. लिथियमच्या सेलना सामान्यतः 45 अंशांच्या वर चार्ज होऊ दिले जात नाही. संभाजीनगरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याच्या शेडमध्ये किंवा उन्हात उभ्या असलेल्या जीपमध्ये पेटीच्या पोटातले तापमान किती होत असेल ह्याची कल्पना करावी. अशी पेटी सावलीत, वाऱ्यावर तासभर ठेवली की बहुधा आपोआप भरू लागते. तिच्यावर ओले फडके टाकू नये.

आणि एक कारण असे आहे की त्याचा दोष विजेलाही नाही, उन्हालाही नाही. एका प्रचारमोहिमेनंतर पेटी कार्यालयाच्या कपाटात जाते ती पुढच्या मोहिमेलाच बाहेर येते. (पक्षाच्या शाखांचेही काही ठिकाणी असेच होते, पण तो विषय वेगळा.) बंद अवस्थेतही नियंत्रक थोडी थोडी वीज पीत राहतो. सेल एका मर्यादेखाली रिकामे झाले की तो सर्व दारे लावून घेतो. अशी पेटी मुख्य विजेवर काही तास तशीच ठेवून पाहावी. काही पेट्या सौर किंवा मोटारीच्या प्लगवर जाग्या होतात. तरीही न उठल्यास जबरदस्ती करू नये. आणि यापुढे ती निम्मी भरून ठेवावी व दोन-तीन महिन्यांनी एकदा पाहावी. पेटी फुगली असेल, गोडसर उग्र वास येत असेल, आतून फुसफुस ऐकू येत असेल तर ती वायरीपासून तोडून मोकळ्या जागी ठेवावी आणि तिला पुन्हा वीज दाखवू नये. जिद्दी कार्यकर्त्याने पेचकस घेऊन ती उघडणेही चूक आहे. इन्व्हर्टरमधला कपॅसिटर वायर काढल्यावरही जीवघेणा दाब धरून बसू शकतो.

आत खरोखर बिघाड असेल तर मात्र मामला कारखानदाराच्या हातात जातो, आणि तेथे मक्तेदारीचा निराळा चेहरा दिसतो. सेल बाजारात मिळतात, जोडणारे हात शहागंजात आहेत. पण सर्किटचा नकाशा दिला जात नाही, सुटे भाग विकले जात नाहीत. बंद पडलेला नियंत्रक उघडण्याची किल्ली कंपनीच्या संगणकात असते. केंद्र सरकारने 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरात एक संकेतस्थळ उघडले. संकेतस्थळ म्हणजे कायदा नव्हे. त्याच वर्षीच्या बॅटरी कचरा नियमांनी निकामी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली. म्हणजे मेलेली पेटी परत घेणे त्याला बंधनकारक, आणि आजारी पेटी बरी करू देणे मात्र त्याच्या मर्जीवर! कारागिराच्या हातातले ज्ञान काढून घेतले की त्याची मजुरीही काढून घेतली जाते, हे गिरणीकामगारांच्या चळवळीत वाढलेल्यांना निराळे सांगायला नको.

तथापि पेटीच्या दुरुस्तीवर सारे लक्ष केंद्रित केले तर मूळ प्रश्न निसटतो. ही पेटी घरात आलीच का? 2005 नंतरच्या भारनियमनात मराठवाड्याच्या खेड्यांनी अर्धा-अर्धा दिवस अंधार पाहिला. पुढे फीडरवरील वीजहानी आणि थकबाकी पाहून ए पासून जी पर्यंत गट पाडले गेले. शेजाऱ्याने आकडा टाकला म्हणून बिल भरणाऱ्याच्या घरचा दिवा जाई. ही सामूहिक शिक्षा होती. 2013 मध्ये परळीचे औष्णिक केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले. संभाजीनगर शहराची वितरण व्यवस्था 2011 मध्ये एका खासगी कंपनीला फ्रँचायझी म्हणून देण्यात आली आणि 2014 मध्ये थकबाकीच्या वादात महावितरणला ती परत घ्यावी लागली. एवढे झाल्यावर ज्याला परवडले त्याने इन्व्हर्टर घेतला, ज्याला आणखी परवडले त्याने पेटी घेतली, आणि सार्वजनिक तार सुधारा म्हणून भांडणाऱ्यांची संख्या तेवढ्याने कमी झाली. ज्याला काहीच परवडले नाही तो लाइनमनच्या वाटेकडे डोळे लावून राहिला.

शासनाच्या मोजण्यातही मूळचा दोष आहे. मराठवाड्याचा अनुशेष मोजणाऱ्या दांडेकर समितीच्या 1984 च्या अहवालात वीजपंपांचा हिशेब होता. देशातील सर्व वस्तीची गावे विद्युतीकृत झाल्याची घोषणा केंद्राने एप्रिल 2018 मध्ये केली. खांब मोजले गेले, जोडण्या मोजल्या गेल्या. तारेच्या शेवटच्या घरात दाब किती पोहोचतो हे ह्या घोषणांत कोठे आहे? 1956 च्या वीज नियमांनी घरगुती पुरवठ्यासाठी 6 टक्के वर-खाली अशी मर्यादा घातली होती. 230 व्होल्टच्या हिशेबाने ती सुमारे 216 ते 244 येते. आज बिडकीनच्या औद्योगिक पट्ट्यात विजेवर चालणाऱ्या दुचाकींचा मोठा कारखाना येणार असल्याचे 2024 मध्ये जाहीर झाले आहे. त्याला अखंड, नेमक्या दाबाची वीज मिळेल, मिळालीही पाहिजे. त्याच जिल्ह्यातल्या वाडीवरच्या पेटीला ती मिळू नये, ह्याचे तांत्रिक कारण कोणीही देऊ शकणार नाही.

येथे शेतकऱ्याला दोष देण्याचा मोह टाळावा. गावठाणाला एकफेज वीज चालू असताना कपॅसिटर लावून तीनफेजचा पंप ओढला जातो आणि सगळ्या गावाचा दाब बसतो, हे खरे आहे. परंतु दिवसा पुरेशी वीज न देणाऱ्या व्यवस्थेनेच त्याला ही युक्ती शिकवली. अक्षय प्रकाश योजनेत संध्याकाळी स्वेच्छेने पंप बंद ठेवणाऱ्या गावांना रात्री दिवे मिळाले, हाही ह्याच राज्यातला अनुभव आहे. गावाने मिळून ठरवले तर दाब उचलतो. पेटी विकत घेऊन तो उचलत नाही.

तेव्हा पेटी चार्ज होत नाही अशी तक्रार घेऊन कोणी शाखेत आला, तर त्याला दुकानाचा पत्ता देण्याआधी कार्यकर्त्याने मल्टिमीटर घेऊन त्याच्या घरी जावे. काही शे रुपयांचे ते यंत्र प्रत्येक शाखेत असू शकते. एक वही घालावी. डीपीजवळच्या एका घरात आणि तारेच्या टोकाच्या एका घरात, पहाटे, संध्याकाळी दिवेलागणीला आणि पंपांची वीज सुरू असताना, असे सात दिवस आकडे लिहावेत. तारीख, वेळ, डीपीचा क्रमांक, ग्राहक क्रमांक. शेजाऱ्यांच्या सह्या घ्याव्यात. हा अर्ज उपविभागीय कार्यालयात देऊन दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. दाद न लागल्यास 2003 च्या वीज कायद्याच्या कलम 42 खाली ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे, त्याच्यावर विद्युत लोकपाल आहे. आणि ठरवून दिलेली कृतिमानके न पाळल्यास ग्राहकाला भरपाई देण्याची तरतूद कलम 57 मध्ये आहे. मंचापुढे ‘लाइट कमी असते’ ह्या वाक्याला फारशी किंमत नसते. ‘मंगळवारी संध्याकाळी साडेसातला 168 व्होल्ट’ असे लिहिलेले असेल तर अभियंत्याला उत्तर द्यावे लागते. पेटी चालू-बंद होऊ लागली ती वेळही त्याच वहीत लिहावी.