नऊ बोटांचा वैमानिक

कडबाकुट्टीपाशी पोरं घोटाळताना दिसली, की मला डीक स्लेटन आठवतात. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनचे, शेतकऱ्याचे चिरंजीव. पाच वर्षांचे असताना वडिलांना मदत करायला गेले नि गवत कापायच्या यंत्रात डाव्या हाताचं, करंगळीशेजारचं बोट गमावून बसले. (पोरांना तेवढं लांब ठेवा बरं!) तरी १९४२ साली हवाईदलात शिरले, महायुद्धात बाँबफेकी विमानं चालवली. १९५९ साली अमेरिकेच्या पहिल्या सात अंतराळवीरांत निवडही झाली. पण १९६२ मध्ये हृदयाचे ठोके अनियमित म्हणून त्यांचं उड्डाणच थांबवलं. घरी बायको, लहानगा मुलगा. दुसरा एखादा रुसून बसला असता. हे मात्र इतरांना चंद्रावर धाडायच्या कामाला लागले. कोणी जायचं, ते हेच ठरवत. अखेर जुलै १९७५ मध्ये, ५१ व्या वर्षी, स्वतः अंतराळात गेले. त्यासाठी रशियन भाषा शिकले, कारण वर रशियन यानाशी गाठ पडायची होती.

मेंदूच्या कर्करोगानं १३ जून १९९३ रोजी ते गेले.

मला त्यांची ती पिन विसरवत नाही. १९६७ च्या आगीत गेलेल्या तीन सहकाऱ्यांनी खास त्यांच्यासाठी करवून घेतलेली, सोन्याची, हिरा जडवलेली. त्या तिघांच्या बायकांनी ती त्यांच्या हाती ठेवली. १९६९ साली आर्मस्ट्राँगनी ती चंद्रावर नेली आणि परत आणून दिली.