खोली भाड्याची, पण कागद आपला!

गिरणी कामगार बंधूंनो,

लालबाग-परळच्या खोलीत तुमच्या बापजाद्यांची इस्टेट ती काय होती? एक पत्र्याची ट्रंक, चार भांडी, भिंतीवर देवाची तसबीर, आणि त्या ट्रंकेच्या तळाशी फडक्यात गुंडाळून ठेवलेली भाड्याच्या पावत्यांची चळत. पगार पुरत नसे, पठाणाचं व्याज चढत असे, गिरणीला टाळं लागे. पण पावती होती तोवर त्या खोलीतून त्याला हुसकून लावायची मालकाची छाती नव्हती. त्या पावतीबद्दल आम्हाला आज बोलायचं आहे, आणि बोलायचं आहे ते धाटावच्या निमित्ताने.

धाटाव कुठे आलं, असं मुंबईत जन्मलेला एखादा विचारील. रोह्याच्या शेजारी, कुंडलिकेच्या काठी. तुमचा आणि या नदीचा संबंध जुना आहे. मुळशीला अडवलेलं पाणी डोंगरातून खाली भिऱ्याला येतं. तिथे १९२७ साली वीजघर सुरू झालं आणि त्या विजेवर मुंबईच्या गिरण्यांचे साचे फिरले. ज्या धरणापायी मावळचा शेतकरी सेनापती बापटांच्या पाठीशी उभा राहून तुरुंगात गेला, ते हेच धरण. वीज तारांवरून मुंबईला गेली. पाणी कुंडलिकेतून धाटावच्या दारावरून वाहत राहिलं. पुढे त्याच पाण्याच्या भरवशावर औद्योगिक विकास महामंडळाची रसायनांची वसाहत इथे उभी राहिली.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. तो संपला असं आजतागायत कुणी रीतसर जाहीर केलं नाही. गिरण्या मात्र संपल्या. हजारो कामगार बिऱ्हाड गुंडाळून कोकणात परतले. त्यांचीच नातवंडं आज कोकणातल्या रसायनांच्या कारखान्यांपुढे ठेकेदाराचा पास गळ्यात घालून उभी आहेत. पाळी तीच, भोंग्याच्या जागी अंगठ्याचं यंत्र आलं एवढंच.

आता हा नातू राहणार कुठे? गाव दूर, रात्रपाळी सुटते तेव्हा एसटी नाही, मोटारसायकलवर डोळा लागला की घाटात जीव जायचा. तेव्हा आधी चौघांत मिळून एक खोली घ्यायची. तुमच्या आज्यानं गावकीच्या खोलीत हेच केलं होतं. दिवसपाळीवाला उठला की त्याच वळकटीवर रात्रपाळीवाला आडवा! लग्न झालं की मात्र वळकटीवर भागत नाही. मग तो वन बीएचके शोधायला निघतो. वन बीएचके म्हणजे आपल्या भाषेत डबल खोली : बाहेरची खोली, झोपायची खोली, स्वयंपाकाचा ओटा, आणि मोरी-संडास आत. चाळीच्या सामाईक संडासापुढे डबडं घेऊन रांगेत उभं राहिलेल्या माणसाला ही चैन वाटेल. ही चैन नव्हे. माणसाला माणसासारखं राहायला एवढं तरी लागतंच.

ती मिळवायची म्हणजे पहिला देव दलाल. त्याच्या नैवेद्याला एक महिन्याचं भाडं. दुसरा देव मालक. त्याच्या पायाशी डिपॉझिट. मग प्रश्नांची सरबत्ती : माणसं किती? गावाकडून पाहुणे येतात का? नोकरी कायम की ठेक्यावर? आणि मुंबई-पनवेलकडे गेलात तर वर आणखी एक, मासे करता का? ज्याच्या सात पिढ्या खाडीच्या कडेला वाढल्या, त्याने भाड्याच्या भिंतीसाठी सुक्या बोंबलाचा वास चोरून ठेवायचा! १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर रोह्याच्या चिंतामणराव देशमुखांनी केंद्राचं अर्थमंत्रिपद सोडलं. मुंबई १९६० साली महाराष्ट्राची झाली. पण त्या रोह्याच्या पोराला त्या मुंबईत डबल खोली भाड्यानेही झेपत नाही, हा हिशेब कुणी द्यायचा?

असो. पैसे मोजून झाले की येतो कागद. इथेच आमचा कामगार चुकतो. डिपॉझिटचे वीस हजार मोजताना दहा वेळा बोट ओलं करील, आणि कागदावर सही करताना एक ओळ वाचणार नाही! कित्येक ठिकाणी तर कागदच नसतो. 'आपलीच माणसं आहात, कागद कशाला?' असं मालक गोड बोलतो, आणि पोरगा भाळतो. अकराव्या महिन्यात तोच मालक सांगतो, आमचा भाचा यायचाय, खोली सोडा. आणि डिपॉझिटातून रंगाचे इतके, नळाचे इतके, खिळे ठोकले त्याचे इतके कापून उरलेली चिल्लर हातावर ठेवतो. तक्रार कुणाकडे करायची? पुरावा कसला द्यायचा?

बंधूंनो, भाडेकरू आणि लायसन्सवाला यांतला फरक समजून घ्या. आज तुमच्या मुलाला मालक 'भाडेकरू' करीतच नाही. तो त्याला 'लीव्ह अँड लायसन्स' वर ठेवतो. म्हणजे घरात राहायची परवानगी, घरावर हक्क नाही. ही भानगड आली कुठून? १९४७ साली मुंबईचा भाडे नियंत्रण कायदा झाला. त्यात जुन्या घरांचं भाडं १ सप्टेंबर १९४० ला होतं तिथेच गोठवलं आणि भाडेकरूला सहजासहजी काढता येणार नाही असा बंदोबस्त केला. गिरणगाव टिकलं ते या कायद्यावर. खरं सांगायचं तर याची दुसरी बाजूही आहे. भाडं गोठलं तसा मालकाने डागडुजीचा हातही आखडला. जिने कुजले, सज्जे कोसळले, माणसं मेली. आणि पागडीचा काळा बाजार फोफावला, तो वेगळाच. पण कामगाराचं छप्पर शाबूत राहिलं, हेही तितकंच खरं.

कायद्यातून सुटायला मालकांनी लायसन्सची पळवाट काढली. सरकारने एकदा तीही बुजवली : १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे कुणी चालू लायसन्सवर राहत होते, त्यांना भाडेकरू म्हणून संरक्षण दिलं. तेव्हापासून मालकलोकांना लायसन्सवाल्याचीही धास्ती बसली आणि कित्येकांनी घरं कुलपात ठेवणं पसंत केलं. पुढे १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला, ३१ मार्च २००० पासून लागू झाला. जुन्या भाडेकरूचं संरक्षण त्याने राखलं. नव्याला मात्र सांगितलं, मुदत संपली की चालू पड; नाही गेलास तर दुप्पट रक्कम भर. त्यासाठी सक्षम प्राधिकाऱ्याचं झटपट दार मालकाला उघडून दिलं.

मालकाला एवढं दिलं, तर कामगाराला काय? एक गोष्ट दिली आहे, आणि तीच बहुतेकांना ठाऊक नाही. त्याच कायद्याचं कलम ५५ सांगतं की करार लेखी असला पाहिजे, नोंदलेला असला पाहिजे, आणि नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची. नोंदवला नाही तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि ऐका : करार नोंदलेला नसेल आणि वाद झाला, तर कोणत्या अटीवर घर दिलं याबद्दल राहणारा जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरायचं! म्हणजे 'कागद कशाला' म्हणणारा मालक स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेत असतो. हे त्याला शांतपणे, चहा पिता पिता सांगा.

'अकरा महिन्यांचाच करार आहे, त्याला नोंदणी लागत नाही,' असं दलाल छातीठोक सांगतो. हे नोंदणीच्या जुन्या कायद्यावरून आलेलं शहाणपण. वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला तो कायदा नोंदणीची सक्ती करीत नाही, म्हणून देशभर अकरा महिन्यांची टूम निघाली. महाराष्ट्रात कलम ५५ ला अकरा महिने आणि तीन वर्षं सारखीच. १९९९ चा कायदा नेमक्या कुठल्या हद्दीत चालतो, धाटावच्या ग्रामपंचायतीत त्याचा अंमल कितपत, यावर वकील हवी तेवढी हुज्जत घालोत. करार नोंदवायला मनाई कुठेच नाही. खर्च म्हणाल तर मुद्रांक शुल्क पाव टक्का. सहा हजार भाडं, अकरा महिने, म्हणजे सहासष्ट हजार; त्याचा पाव टक्का होतो एकशे पासष्ट रुपये. डिपॉझिटवरचं धरलं तरी थोडंच वाढतं. वर नोंदणी फी. दलालाच्या घशात गेलं त्याच्या मानाने ही रक्कम किरकोळ आहे. आणि आता तर नोंदणी कचेरीत खेटेही घालावे लागत नाहीत, आधारचा अंगठा देऊन घरच्या घरी होते. भाडंही रोख देऊ नका. मोबाईलवरून द्या, म्हणजे दर महिन्याला आपोआप पावती फाटते. रोखच द्यायची वेळ आली तर सही घेतल्याशिवाय नोट हातातून सोडू नका.

एवढा आग्रह का धरतो? कागदाची किंमत काय होते ती तुम्ही तुमच्या डोळ्यांनी पाहिली आहे म्हणून. १९२० च्या दशकात सरकारने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे बीडीडी चाळी बांधल्या. खोली १६० चौरस फुटांची. शंभर वर्षं त्या खोल्यांत कामगार भाड्याने राहिला. १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीत ५५६ कुटुंबांना नव्या इमारतीत ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. कुणाला? ज्यांचं भाडेकरू म्हणून नाव लागलं होतं त्यांना. त्याच चाळीत तीस वर्षं पोटभाड्याने राहून, कुठेच नाव न लागलेला माणूस पिशवी उचलून चालता झाला असेल. गिरणी कामगारांच्या घरांचंही तेच. १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर तुम्ही गिरणीच्या पटावर होता हे कशाने ठरलं? तिकिटाने, विम्याच्या कार्डाने, प्रॉव्हिडंट फंडाच्या चिठोऱ्याने. ज्या विधवेने नवऱ्याचा पास रद्दीत घातला तिच्या वाट्याला काय आलं, हे तुमच्या शेजारणीलाच विचारा.

हाच कागद धाटावच्या पोराला रोजच्या जगण्यातही लागतो. पोरीला शाळेत घालायचं, पत्ता दाखवा. गॅस घ्यायचा, पत्ता दाखवा. मतदार यादीत नाव घालायचं तर भाडेकरूचा नोंदलेला करार पत्त्याचा पुरावा म्हणून चालतो. कागद नसला की तो जिथे घाम गाळतो तिथला मतदार नाही, आणि जो मतदार नाही त्याच्या दारात नळ आला की नाही हे बघायला कुठलाही नगरसेवक फिरकत नाही. बिहार-ओरिसाकडून आलेल्या पाळीवाल्याची गत याहून वाईट. त्यालाही हे सांगा. त्याची खोली कागदाविना महाग झाली की तुमचीही होते. मालकाला भाषा नाही, भाव कळतो.

आता सरकारकडे वळू. १९२० साली कामगाराला भाड्याने द्यायचं घर किती असावं असं इंग्रज सरकारला वाटलं? १६० चौरस फूट. २००८ साली मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने भाड्याच्या घरांची योजना काढली तेव्हा किती ठरवलं? १६० चौरस फूट! मधल्या काळात स्वराज्य आलं, महाराष्ट्र राज्य आलं, माणूस चंद्रावर जाऊन आला. कामगाराची भाड्याची खोली मात्र इंचभर वाढली नाही. पनवेलजवळ कोनला अशा दोन-दोन खोल्या जोडून २०१६ साली २,४१७ घरांची गिरणी कामगारांसाठी सोडत काढली, तेव्हा कुठे त्याला घराचं रूप आलं. आणि तीही घरं मग भाड्याची राहिली नाहीत. भाड्याने राहू इच्छिणाऱ्या कामगाराचा प्रश्न होता तिथेच. २०२० साली केंद्राने स्थलांतरित कामगारांसाठी भाड्याच्या घरसंकुलांची योजना जाहीर केली, २०२१ साली नमुना भाडेकरू कायदा काढून राज्यांपुढे ठेवला. त्यात राहत्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यावर जाऊ नये असं कलम आहे. आम्ही म्हणतो, त्या कायद्यातली बाकीची मालकधार्जिणी कलमं राहू द्या बाजूला, एवढं एक कलम महाराष्ट्राने उचलावं. आणि औद्योगिक वसाहतीत कारखान्याला प्लॉट मिळतो, गोदामाला मिळतो, मग पाळीवाल्यांच्या भाड्याच्या घरांना का मिळू नये?

कारखानदारही यातून सुटत नाही. पन्नास किंवा त्याहून अधिक कामगार असतील तिथे पगाराच्या पाच टक्के किंवा वीस रुपये, जे जास्त असेल ते, घरभाडे भत्ता द्यावा असा १९८३ चा महाराष्ट्राचा कायदा आहे. पंधरा हजार पगार धरला तर साडेसातशे रुपये. साडेसातशेत डबल खोली सोडा, रोह्यात सायकल ठेवायला पडवी तरी मिळेल काय? आणि तेवढेही पगारचिठ्ठीवर दिसतात का, ते आजच्या आज बघा. दिसत नसतील तर किती महिन्यांचे बुडाले ते मांडा, प्रत्येकाचे वेगळे मांडा. येत्या मागणीपत्रात घरभाडे भत्त्याची वाढ पहिल्या पानावर आली पाहिजे, आणि खाली जी नावांची यादी जोडाल तिच्यात ठेकेदाराकडच्या माणसांचीही नावं असली पाहिजेत.